पाच बोटांची धमणी

कडाडकन आवाज झाला आणि गोजराची धमणी जत्रेच्या वाटेवरच एका अंगावर कलली! चुरमुऱ्यांची पोती रस्त्यात, फुटाणे धुळीत, आणि बैल मान वळवून बघताहेत की आता हिला काय झालं.

गोजरा ही भडभुंजीण. जत्रांचा हंगाम तोंडावर आला होता, म्हणून आईनं मागे ठेवलेल्या सगळ्या सोन्याच्या मोहरा देऊन तिनं लखूशेठकडून ही छपराची बैलगाडी कालच घेतली होती. गाडी जुनी, पण रंग असा झगझगीत की नजर ठरू नये. आता खाली वाकून बघते तर काय! दोन्ही चाकं ज्याच्यावर फिरतात तो आखच मधोमध चिरलेला. चिरेत राळ भरलेली, वर चिंध्या गुंडाळलेल्या आणि त्यावर हिरवागार रंग! गोजराला आधी रडू आलं. मग असा काही राग आला की गाडी तिथंच टाकून ती तडक दरबारात गेली.

राजा धैर्यसेन तसा भला माणूस. फक्त एकदा ‘नाही’ म्हणाला की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ‘हो’ म्हणायचा नाही. त्यानं लखूशेठला बोलावून घेतलं. शेठ आले ते पान चघळतच.

“महाराज,” गोजरा म्हणाली, “शेठ मला म्हणाले, या गाडीतून माझी मंडळी फक्त महादेवाला जायची. मला वाटलं, शेठाणीबाई बेलफूल घेऊन जात असतील!”

“मग मी खोटं काय बोललो?” लखूशेठनं डोळे मोठे केले. “मंडळी म्हणजे माझी पाथरवट मंडळी! देवळाचा कोट बांधायला जायची. दगड घेऊन!”

दरबारात खसखस पिकली. राजालासुद्धा हसू लपवायला मिशीवरून हात फिरवावा लागला.

“आणि ‘आख अगदी अख्खा आहे’ म्हणालात, ते?” गोजरानं विचारलं.

“ते रुमालाबाहेरचं बोलणं, महाराज,” शेठ शांतपणे म्हणाले. “ते कोण धरतो?”

इथंच सगळी मेख होती. त्या राज्यातल्या बाजारात सौदा तोंडानं होत नसे. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून काय तो भाव ठरवायचा. राजाच्या आजोबांनी नियमच करून ठेवला होता: रुमालाखाली झालं तेवढंच खरं, बाहेरचं बोलणं सगळं वाऱ्यावर. आणि आजोबांचा नियम म्हणजे धैर्यसेनाचा जीव की प्राण!

“नियम तो नियम!” राजा म्हणाला. “गोजरे, रुमालाबाहेरचा एक शब्दही मी ऐकणार नाही. रुमालाखाली जे झालं, तेवढ्यावर तुझ्या मोहरा सोडवून दाखव. तेही आत्ताच्या आत्ता! नाहीतर मोडकी गाडी तुझी, मोहरा शेठच्या.”

मोहरा गेल्या म्हणजे यंदाच्या जत्रा गेल्या, आणि जत्रा गेल्या म्हणजे भट्टीच विझली. रुमालाखाली तर नुसती बोटं! ती बिचारी काय साक्ष देणार? तिनं शेठच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग पदर खोचून म्हणाली, “चालेल, महाराज! एक रुमाल द्या. काल झालं तेच करून दाखवतो आम्ही.”

कारभाऱ्यांनी दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.

“शेठ, काल मी आत काय दाबलं?”

“पाच बोटं! पुरा पंजा!”

“आणखी काही झालं आत?”

“आणखी काय व्हायचंय? रुमालाखाली बोटं असतात, तोंड नसतं!” शेठ खूश होऊन म्हणाले.

“ऐकलंत ना, महाराज?” गोजरानं कनवटीला हात घातला आणि शेठच्या तळहातावर पाच फुटाणे मोजून ठेवले. “हे घ्या पाच! आता माझ्या मोहरा परत द्या.”

“फुटाणे?” शेठ ओरडले. “अगं, पाच मोहरा ठरल्या होत्या!”

“कुठं ठरल्या?”

“कुठं म्हणजे? मी बोललो होतो ना! चांगलं मोठ्यानं बोललो होतो!”

“रुमालात?”

शेठचं चघळणं थांबलं.

“पाच बोटं मी दिली,” गोजरा म्हणाली. “पण पाच काय, ते बोटांनी कुठं सांगितलं? मी फुटाणेवाली. मोहरा आपल्या चुकून दिल्या गेल्या!”

“महाराज, हिनं शब्द दिला होता! माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?”

“आहे का?” गोजरा गर्रकन वळली. “मग एकदाच काय ते सांगा, शेठ. बाहेरचा शब्द धरायचा नसेल, तर धमणी पाच फुटाण्यांत माझी. आणि धरायचा असेल, तर आख अख्खा दाखवा!”

राजाच असा हसत सुटला की सिंहासन करकरलं. “शेठ, तुमची धमणी चण्याफुटाण्याच्या भावात गेली की हो! बोला लवकर, शब्द धरू की सोडू?”

लखूशेठनं हातातल्या फुटाण्यांकडे पाहिलं आणि कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं. “धरा, महाराज. शब्द धरा.”

“मग गाडी तुमची तुम्ही उचलून न्या आणि हिच्या मोहरा हिला द्या.”

“आणि धुळीत सांडलेला माझा माल?” गोजरानं हळूच विचारलं.

“तोही शेठच भरून देतील!” राजा म्हणाला. “पोरी, आजोबांचा नियम न मोडता त्यालाच उताणा पाडलास! ये, बक्षीस देतो.” आणि सवयीनं त्यानं शेला हातावर ओढून हात पुढे केला.

गोजरानं दोन्ही हात पाठीमागे लपवले. “नको, महाराज! बक्षीस तेवढं उघड्यावर बोला!”

राजा इतका हसला की मुकुट डोळ्यांवर आला. तो मागे सारत, वेशीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्यानं सांगितलं, “राजवाड्यातली नवी धमणी, घुंगरांसकट, गोजराची!”