किती मण?

एकदा एका नगरात व्याकरणात मुरलेले एक वृद्ध आचार्य राहत. त्यांच्याकडे एक शिष्या शिकत होती; तिच्या घरी 'पानी' म्हणत. इथे येऊन तिने 'पाणी' घोटून घोटून जिभेवर बसवले होते. तरी चार मोठी माणसे जमली की जुना शब्द तोंडून निसटेल अशी तिला धास्ती वाटे, साधी पळी पडली तरी ती दचके.

त्या नगरातल्या एका नवश्रीमंत व्यापाऱ्याने पाणपोई बांधली. मांडव घातला, सारे प्रतिष्ठित जमले. व्यापारी काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. आपले घराणे दरबारी असल्याच्या थापा मारी, सख्ख्या भावाला चारचौघांत 'आमचा गडी' म्हणे. शुद्ध बोलण्याच्या नादात जिथे नाही तिथेही ण लावी. तो हात जोडून म्हणाला, "माझ्या मणात फार दिवसांपासून होतं…"

"किती मण, शेटजी?" लोडाला टेकलेले एक सरदार म्हणाले. "पोती मागवू का?"

हशा पिकला. शिष्याही हसली; सर्वांच्या आधी, सर्वांहून मोठ्याने. आपल्याकडे कुणी बघू नये म्हणून.

तोच आचार्य उठले. "शेटजी, आपल्याला माझा मणापासून आशीर्वाद."

शिष्येच्या हातून फुलपात्रच निसटले.

आचार्य बाजूला येताच ती कुजबुजली, "एका वेलांटीसाठी मला दिवसभर बसवून ठेवता, आणि आज तुम्ही? तो लबाड आहे हो!"

"आहेच. भावाला गडी म्हणणं हे पाप आहे, ते मी त्याला एकांतात सुनावणार आहे. पण बाळ, वर काहीतरी चांगलं आहे असं त्याला खरंच वाटतं, म्हणून तो धडपडत चढतो. हे सरदार लोक जन्मापासून वरच बसलेत. तिथं तसं काही नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे; तरी जिन्यात पाय आडवा घालतात. तू कुणाच्या बाजूनं हसलीस?"

व्यापारी खांबाआड घाम पुसत उभा होता. तिने तांब्या भरला, त्याच्यापुढे नेला. सरदार दोन हातांवरच होते.

"शेटजी," ती मोठ्याने म्हणाली, "पानी घ्या."

व्यापारी दचकला. इकडेतिकडे पाहत झुकून पुटपुटला, "हळू, पोरी! 'पाणी' म्हणावं. ही माणसं हसतात."

त्या भरल्या मांडवात, हसण्याऐवजी तिला सावध करणारा तो एकच निघाला.