टिंबूचा गुरुवार हरवला

करंजाच्या झाडाखाली एक शाळा होती.
केवढी? सुपाएवढी!

शाळेत शिकवायला गोगलबाई. पाठीवर शंख, आवाज मऊ मऊ.
शिकायला तीन मुलं. एक मुंगी. एक गुबगुबीत सुरवंट. आणि एक इवलासा नाकतोडा. त्याचं नाव टिंबू.

गुरुवारी सहल होती. लांब, जांभळीच्या झाडाखाली!

बाई म्हणाल्या, "सगळे वार पाठ करा. नाहीतर सहल कधी ते कळणार कसं? चला, हाताची घडी. हलायचं नाही. म्हणा!"

मुंगीने म्हटले. घडाघड, घडाघड!

मग टिंबूची पाळी. टिंबू हलला नाही. पाय घट्ट दाबून बसला.
"सोमवार, मंगळवार, बुधवार... शुक्रवार!"
"अरे, गुरुवार कुठे गेला?"

टिंबूने शोधला. जिभेवर नव्हता. डोक्यात नव्हता. पानाखाली वाकून पाहिलं, तिथेही नव्हता.
टिंबूचा गुरुवार हरवला!
गुरुवार नाही, तर सहल नाही. टिंबूचे डोळे भरून आले.

"बाई, बाई, मी उड्या मारत म्हणू?
उड्या मारल्या की माझा गुरुवार सापडेल!"

"नको रे बाबा! धूळ उडते. माझ्या डोळ्यांत जाते. आधी सडा पडू दे. मग मार उड्या."

टिंबू निघाला. टिप्प टिप्प टिप्पूक!

वाटेत होता ओहोळ.
"ओहोळदादा, ओहोळदादा, सडा घाल ना!
सडा पडला की बाई उड्या मारू देतील.
उड्या मारल्या की माझा गुरुवार सापडेल!"

ओहोळ म्हणाला, "मी नाही घालत जा! माझ्या वाटेत पाचोळा अडकलाय. आधी पाचोळा उडू दे. मग घालीन सडा."

टिंबू निघाला. टिप्प टिप्प टिप्पूक!

बांबूच्या बेटात वारा झोपला होता. घुर्र... घुर्र...
"वारेमामा, वारेमामा, पाचोळा उडव ना!
पाचोळा उडाला की ओहोळ सडा घालील.
सडा पडला की बाई उड्या मारू देतील.
उड्या मारल्या की माझा गुरुवार सापडेल!"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "मी नाही उठत जा! गाण्याशिवाय मला जागच येत नाही. आधी गाणं होऊ दे. मग उडवीन पाचोळा."

टिंबू निघाला. टिप्प टिप्प टिप्पूक!

भोपळ्याच्या वेलावर भुंगा बसला होता. गाल फुगवून!
"भुंगेकाका, भुंगेकाका, गाणं गा ना!
गाणं झालं की वारा पाचोळा उडवील.
पाचोळा उडाला की ओहोळ सडा घालील.
सडा पडला की बाई उड्या मारू देतील.
उड्या मारल्या की माझा गुरुवार सापडेल!"

भुंगा म्हणाला, "मी नाही गात जा! मध चाखला की मग माझा गळा सुटतो. आधी ही कळी उमलू दे. मग गाईन गाणं."

कळी शेजारीच होती. एकच उडी. टिप्पूक!
"कळीताई, कळीताई, उमल ना!
कळी उमलली की भुंगा गाणं गाईल.
गाणं झालं की वारा पाचोळा उडवील.
पाचोळा उडाला की ओहोळ सडा घालील.
सडा पडला की बाई उड्या मारू देतील.
उड्या मारल्या की माझा गुरुवार सापडेल!"

कळी कुडकुडली. "मी नाही उमलत जा! मला थंडी वाजतेय. आधी ऊन येऊ दे. मग उमलेन."

ऊन होतं ढगामागे. लपाछपी खेळत!
टिंबू मोठ्या धोंड्यावर चढला. "ऊनबाळा, ऊनबाळा, ये ना!"

ऊन म्हणालं, "का येऊ? नीट उभा राहा आणि सांग."

टिंबू नीट उभा राहिला. पाय घट्ट दाबले.
"ऊन आलं की... ऊन आलं की..."
पुढचं आठवेना!
आता सगळंच हरवणार की काय? 
टिंबू हळूच म्हणाला, "उड्या मारत सांगू?"
"सांग की!"

टिप्प टिप्प टिप्पूक!
"ऊन आलं की कळी उमलेल.
कळी उमलली की भुंगा गाणं गाईल.
गाणं झालं की वारा पाचोळा उडवील.
पाचोळा उडाला की ओहोळ सडा घालील.
सडा पडला की बाई उड्या मारू देतील.
उड्या मारल्या की माझा गुरुवार सापडेल!"

"अरे वा! एवढं सगळं पाठ?" ऊन खुदकन हसलं. आणि आलं की बाहेर!

ऊन आलं, लख्ख!
कळी उमलली, टपकन!
भुंगा गायला, गुंई गुंई!
वारा उठला, सूं सूं!
पाचोळा उडाला, भुर्रर्र!
ओहोळ धावला, खळखळ खळखळ!
आणि शाळेत सडा पडला. शिप शिप शिप!

बाई म्हणाल्या, "आता मार बाबा उड्या!"

सोमवार, टिप्पूक!
मंगळवार, टिप्पूक!
बुधवार, टिप्पूक!
आणि... आणि...
गुरुवार, टिप्पूक!
शुक्रवार, शनिवार, रविवार, टिप्प टिप्प टिप्पूक!

"अगंबाई!" गोगलबाई म्हणाल्या. "आपण डोक्यात शोधत बसलो. गुरुवार तर तुझ्या पायांत होता!"

तेवढ्यात कोपऱ्यातून मुसमुस ऐकू आली. सुरवंट रडत होता.
"बाई, माझा शनिवार हरवलाय. मला उड्याही येत नाहीत."

बाईंनी विचार केला. हळू... हळू... मग जमिनीवर गोल गोल खडे मांडले. एका वाराला एक खडा.
सुरवंट खड्यांवरून सरपटला. सुळूक, सोमवार. सुळूक, मंगळवार. एक एक खडा पोटाला लागला. शनिवारचा खडा होता खरखरीत. सुरवंटाला गुदगुल्या झाल्या!
"शनिवार!" तो ओरडला.

गुरुवारी सगळे सहलीला गेले. जांभळं खाल्ली. जिभा जांभळ्या झाल्या. बाईंनीही एक उडी मारून पाहिली. जमली का? छे! पण सगळे पोट धरून हसले.

मग बाई म्हणाल्या, "उद्या महिने शिकू. कोण कसं शिकणार?"
"मी बसून," मुंगी म्हणाली.
"मी खड्यांवरून," सुरवंट म्हणाला.
"आणि टिंबू, तू रे?"

टिंबू कुठला थांबतोय! तो केव्हाच निघाला होता.
चैत्र, टिप्पूक!
वैशाख, टिप्पूक!