रविवारचा धूर

एका गावात एक पाववाला राहत होता. त्याच्या दुकानाच्या दारावर लाकडी क्रूस होता आणि आत, भट्टीजवळच्या फळीवर, पाव फुगवणाऱ्या खमिराचं मडकं. ते खमीर त्याच्या आजोबांपासून चालत आलं होतं. रोज त्यातला गोळा काढून पिठात मळायचा आणि मडक्यात पुन्हा थोडं पीठपाणी घालायचं, म्हणजे ते जिवंत राही.

त्या गावाचं देवाशी काही भांडण नव्हतं. गावाला वेळ नव्हता. रविवारी बाजार भरे आणि सगळं गाव तिकडे लोटे. पाववाला मात्र रविवारी भट्टी पेटवत नसे. धुतलेला सदरा घालून तो चर्चला जाई. तीस वर्षांत त्याच्या धुराड्यातून रविवारी धूर निघाला नव्हता, आणि कबूल करत नसला तरी याचा त्याला अभिमान होता.

मग समोरच एका बाईने भट्टी टाकली. ती ना देवळात जाई, ना चर्चमध्ये. सातही दिवस राबे, मोठ्याने हसे, आणि पाव असा करी की बोटाने दाबला तरी पुन्हा वर यावा. रविवारी तिच्या दारापुढे रांग लागे आणि पाववाल्याला त्या रांगेसमोरूनच चर्चला जावं लागे.

"काका," रांगेतलं कोणीतरी ओरडे, "देवाला सांगा, सुट्टी सोमवारी घे म्हणावं!"

सगळे हसत. तीही हसे. पाववाला मान खाली घालून पुढे जाई, पण जाताजाता रांगेतली डोकी मोजून घेई. चर्चमध्ये गुडघे टेकले तरी डोळ्यांपुढे तीच रांग. देवा, तो मनात म्हणे, भट्टी तुझ्यासाठी विझवतो मी, आणि गिऱ्हाईक पाठवतोस तिच्याकडे? असं विचारणं हे पाप की नाही, तेही त्याला नक्की ठरवता येत नसे. एवढं मात्र खरं, की तिचा पाव फुगला की त्याचा जीव आक्रसे.

एका शनिवारी दुपारी ती रिकामा वाडगा घेऊन त्याच्या दारात आली. आज ती हसत नव्हती.

"काका, मांजराने माझं मडकं पाडलं. खमीर सगळं मातीत गेलं. गोळाभर द्याल? उद्या जत्रेचा बाजार आहे, होते नव्हते ते पैसे पिठात घातलेत. पाव झाले नाहीत तर दुकानच उठेल माझं."

"थांब, पोरी," असं म्हणून पाववाला आत गेला.

आत चुलीवर चहाचं आधण उकळत होतं. त्याने मडक्यातून गोळा काढला. तो मऊ होता, वर बारीक बुडबुडे येत होते. सरळ नाही म्हणता आलं असतं. पण दारावर क्रूस लावून शेजारणीला नाही कसं म्हणायचं? लोक काय म्हणतील? त्याने गोळ्यावर उकळतं पाणी ओतलं, ते निथळू दिलं आणि वरून कोरडं पीठ चोळलं. मेलेलं खमीर दिसायला जिवंतासारखंच दिसलं.

तिने वाडगा दोन्ही हातांनी घेतला. "तुमच्यात काहीतरी म्हणतात ना, देव तुमचं भलं करो? तेच."

रविवारी सकाळी तिच्या दारापुढची रांग वळणापर्यंत गेली होती आणि दार बंद होतं. पाववाल्याला बरं वाटलं. चर्चच्या पायरीपर्यंत बरं वाटलं.

प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत मोडून सगळ्यांना वाटायचा पाव नेहमी त्याच्याच भट्टीतला, शनिवारी भाजलेला असे. पाळकबाबांनी तो मोडला आणि एक तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. हलका, आतून छान जाळी पडलेला. याच मडक्यातलं जिवंत खमीर आपण देवापुढे आणलं, आणि मेलेलं तिच्या वाडग्यात घातलं. तुकडा तोंडाकडे जाईना.

"काय झालं?" पाळकबाबांनी हळूच विचारलं.

"एक काम राहिलंय, बाबा." त्याने तुकडा परत ताटलीत ठेवला आणि तो निघाला.

घरून मडकं उचलून तो तिच्या मागच्या दाराने आत शिरला. ती पिठाच्या काठवटीपुढे बसली होती. पीठ दगडासारखं पडून होतं.

"पहाटेपासून बघतेय, काका. फुगतच नाही. माझ्या हातांनाच काय झालंय कोण जाणे."

"हात चांगले आहेत तुझे. खमीर मी मारून दिलं. उकळतं पाणी घालून."

तिने त्या पिठावर बोट दाबून पाहिलं. मग म्हणाली, "का?"

"तुझी रांग बघवत नव्हती."

"वरच्या आळीतही खमीर मिळालं असतं मला," ती म्हणाली. "तुमच्याकडे आले. तुमचा देव मला ठाऊक नाही. पण त्याचं नाव घेणारा माणूस दगा देणार नाही, असं वाटलं होतं."

पाववाल्याला वाटत आलं होतं की दारावरचा तो क्रूस गावात कोणी बघतच नाही. त्याने मान खाली घातली आणि अख्खं मडकं काठवटीत पालथं केलं.

"सगळं?"

"एवढ्या पिठाला एवढं लागेलच."

"बरं. भांडेन नंतर. आधी मळा."

दोघांनी मळलं. दुपारी पीठ फुगून काठवटीच्या वर आलं. तिची एक भट्टी पुरेना, तेव्हा पाववाल्याने रस्ता ओलांडून आपलीही पेटवली. रविवारी त्या धुराड्यातून धूर निघालेला बघून बाजारातली माणसं थांबली.

"काय काका, आज देवाला सुट्टी?"

"नाही रे," पाववाला म्हणाला, "आज त्यानेच कामाला लावलंय."

पाव भट्टीत घालण्याआधी तिने फुगलेल्या पिठाचा एक गोळा बाजूला काढला होता. संध्याकाळी तो तिने त्याच्या रिकाम्या मडक्यात टाकला.

"घ्या. जिवंत आहे. हवं तर तपासून बघा."

पुढच्या रविवारी पाववाल्याची भट्टी पुन्हा थंड होती. समोर रांग होती, आणि खरं सांगायचं तर पोटात थोडं दुखलंही. पण चर्चला जाताना त्याने डोकी मोजली नाहीत.

तात्पर्य एवढंच: आपली श्रद्धा जिवंत आहे की नाही, हे शेजाऱ्याच्या वाडग्यात आपण काय घालतो त्यावरून कळतं.