चाकाखालचं लिंबू

गाड्यांना वाचा होती, त्या काळातली गोष्ट. कोंबड्यांनी घर केलेली, उघड्या टपाची एक गंजकी अमेरिकन गाडी याकूब मिस्त्रींनी खपून खपून नवी केली. लालभडक रंग, चकचकीत बंपर! गाडी स्वतःवरच खूश. मिस्त्रींनी चाकाखाली लिंबू ठेवलं नि म्हणाले, "चला, राणीसरकार!"

गाडी हलेना. "इश्श! रंगावर धूळ बसेल, चाक आंबट होईल. मी आपली इथेच बरी."

चाकाखालचं लिंबू खिदळलं, "अगं, माझं तर फुटायचंच ठरलंय. तुला कशाला गं एवढं नटवलंय?"

गाडी विचारात पडली. विचार करता करता इंजिनाला गुदगुल्या झाल्या, भोंगा आपोआप वाजला. फचक्! लिंबू फुटलं आणि तांबडी धूळ अंगभर उधळत गाडी सुसाट सुटली.

मागून मिस्त्री धावत ओरडत होते, "अगं, मला तरी बसू दे!"