शेळीने निवडलेली बाग

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या खापरपणजोबांनासुद्धा दुधाचे दात यायचे होते तेव्हा, एका राज्यात एक माळी राहायचा. राज्य मोठं सुखाचं. थंडी पडायची, पण एक शाल अंगावर घेतली की भागून जाईल इतकीच.

माळ्याला एकच दुखणं होतं. त्याला सगळ्यांचा संशय यायचा. कुणी रामराम केला की तो मनात म्हणायचा, 'आज बरा केला? काल तर नव्हता केला!' आणि कुणी नाही केला तर, 'आज का नाही केला? काहीतरी शिजतंय.' हसू नका. तुमच्यातही आहेत असे दोघं-तिघं, ते बघा, तेच जास्त हसतायत.

बागेतल्या विहिरीजवळ माळ्याची झोपडी होती. आज्यापासून चालत आलेली. तिथे तो आणि त्याची शेळी, दोघंच राहायची. अख्ख्या गावाचा या झोपडीवर डोळा आहे, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

एका पौषात राजाची म्हातारी आई माडीवरच्या खिडकीत ऊन खात बसली होती. खाली बघते तर बागेत नुसत्या वाळक्या काड्या. ती राजाला म्हणाली, "अरे, मी एवढी म्हातारी एका शालीत टुणटुणीत बसलेय, आणि तुझ्या बागेला कसली रे हुडहुडी भरलीय? या दिवसांत फुलणारी झाडं नसतात होय?"

राजाने माळ्याला बोलावलं. "पुढच्या पौषात आईसाहेबांना खिडकीतून फुलं दिसली पाहिजेत. नाही दिसली तर झोपडी रिकामी कर. जो फुलं दाखवील, तो तिथे राहील."

झालं! आधीच संशयी, त्यात हे ऐकलं. हुकूम गावभर पसरला आणि माळ्याची झोपच उडाली.

त्या गावात एक रीत होती. श्रावणाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या दारातलं एक रोप बागेला द्यायचं, आणि दिलेलं रोप परत न्यायचं नाही. त्या श्रावणातही लोक रोपं घेऊन आले. माळी फाटकात उभा, डोळे बारीक करून.

कुंभारीणआजीने शेवंतीचं रोप पुढे केलं. "घे रे बाबा. आत्ता दिसतंय मरतुकडं, पण पौषात बघ."

'एवढी माया कशाला?' माळी मनात म्हणाला.

नावाड्याने कण्हेर आणली. माळ्याने पान तोडलं तर देठातून चीक आला. "हे विषारी असतं!"

"मग खाऊ नका, माळीबुवा," नावाडी म्हणाला. "बघायला लावा."

गुरवाने कोरांटी आणली. तिचा काटा माळ्याच्या बोटात शिरला. 'बघा! हात निकामी करायचा डाव!'

बाकीच्यांनी तेरडा आणला, सोनकी आणली, गुलबक्षी आणली. ही श्रावणात फुलणारी झाडं, हिरवीगार, रसरशीत, बघत राहावं अशी.

आता यातलं खरं कुठलं आणि दगा कुठला? माळ्याने खूप विचार केला. शेवटी त्याला वाटलं, या गावात झोपडीवर डोळा नसलेला एकच जीव आहे. कारण तो आधीच झोपडीत राहतो.

त्याने शेळीला आणलं आणि एकेका रोपाचं पान तिच्यापुढे धरलं.

तेरडा शेळीने मचमच खाल्ला. "हे चांगलं!" सोनकी खाल्ली. "हेही चांगलं!" गुलबक्षीला तर तिने देठही ठेवला नाही. शेवंती हुंगून ती शिंकली. कण्हेरीकडे तिने पाठ केली. कोरांटीला तोंडसुद्धा लावलं नाही.

"कळलं!" माळी म्हणाला. शेळीला आवडलेली रोपं त्याने खिडकीखाली रांगेने लावली. नावडलेली उचलली आणि भिंतीपलीकडे फेकली. तिकडे उतार होता. विहिरीचं सांडपाणी तिथूनच वाहून जायचं.

भाद्रपदात बाग अशी बहरली की माळी छाती काढून फिरायला लागला. कार्तिकात तेरडा माना टाकून बसला. मार्गशीर्षात सोनकी वाळली, गुलबक्षी जमिनीला टेकली. माळ्याने पाणी घातलं, शेण घातलं, शेवटी हात जोडले. मेलेलं झाड हात जोडून उठत नसतं.

पौष उजाडला. राजमाता खिडकीत येऊन बसली. राजा शेजारी, माळी खाली घाम पुसत उभा.

"अगंबाई!" राजमाता म्हणाली. "काय सुरेख!"

माळ्याने वर बघितलं. म्हातारी बागेकडे बघतच नव्हती. तिची नजर भिंतीपलीकडे होती. माळी धावत भिंतीवर चढला. उतारावर शेवंती पिवळीधमक, कण्हेर गुलाबी, कोरांटी जांभळी. थंडीच्या कोवळ्या उन्हात नुसती झगमगत होती.

"महाराज, घात!" माळी ओरडला. "गावाने चोरून बाग लावलीय. माझी झोपडी पाहिजे त्यांना!"

राजाने गावाला बोलावलं. "ही रोपं कुणाची?"

"आम्हीच दिलेली," कुंभारीणआजी म्हणाली. "फेकली यानेच. आमच्या दारात दरवर्षी पौषात फुलतात, म्हणून तर आणली होती. आईसाहेबांनी बघावी म्हणून."

राजा म्हणाला, "मग ठरल्याप्रमाणे झोपडी तुझी."

"ती?" आजीने नाकाला पदर लावला. "नको रे बाबा. पावसात गळते."

नावाडी म्हणाला, "मला माझी नाव बरी. ती कमी गळते."

"आणि शेळीचा वास किती येतो!" गुरव म्हणाला.

सगळा गाव हसला. माळी भिंतीवर बसला होता, तो तिथेच बसून राहिला. ज्या झोपडीसाठी वर्षभर झोपला नाही, ती फुकटसुद्धा कुणाला नको होती.

खाली उतरून त्याने सगळा राग शेळीवर काढला. "अगं ए बये, तुझ्या भरवशावर बाग लावली ना मी!"

शेळी रवंथ करत म्हणाली, "तू मला पान दिलंस, मी चव सांगितली. पौषात काय फुलतं हे विचारायचं होतं तर ज्यांच्या दारात फुलतं त्यांना विचारायचंस. आणि तेरडा खरंच छान होता."

राजाने बागेची किल्ली कुंभारीणआजीला दिली. झोपडी कुणाला नकोच होती, म्हणून ती माळ्याकडे राहिली. तेव्हापासून दर श्रावणात आजी दाखवील तिथे माळी खड्डा खणायचा आणि रोप आणणाऱ्या प्रत्येकाला आधी स्वतः रामराम घालायचा. शेळी मात्र फाटकाबाहेर बांधलेली असायची.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात धरा: ज्याला सगळं जग दगाबाज वाटतं, तो भल्या माणसांनी दिलेलं सोनं आपल्याच हाताने कुंपणाबाहेर फेकतो.