पीकपाणी काय म्हणतंय?

"कणसेगावचं सगळं रान मोकळं करा! तिथं आमचे घोडे धावतील!"

मकरंदराजाने हुकूम सोडला आणि कणसेगावात चुली पेटेनाशा झाल्या. राजाला घोड्यांचं भारी वेड. गावचं काळंभोर, सपाट रान त्याच्या डोळ्यांत भरलं, एवढंच निमित्त!

गावकरी दरबारात गेले खरे, पण राजासमोर सगळ्यांची दातखीळ बसली. शेवटी धोंडजीची पोर बयना पुढे झाली.

"म्हाराज, रान गेल्यावर आम्ही खायाचं काय?"

"राजधानीत या! इथं सोनार आहेत, कासार आहेत, तमाशाचे फड आहेत. शेतीवाचून कुणाचं अडलंय?"

"समद्यांचंच अडलंय! तुमचा अख्खा बाजार आमच्या रानाकडं डोळं लावून बसलाय."

राजाने मिशीला पीळ दिला. "असं? मग उद्या बाजारातून फीर आणि दाखव सिद्ध करून. जिंकलीस तर रान तुमचं! पण तोंडातून एक शब्द काढायचा नाही. शब्द फुटला, की रान गेलं!"

धोंडजीने कपाळाला हात लावला. न बोलता वाद जिंकायचा! त्यातून त्याची पोर झोपेतही बडबडणारी!

दुसऱ्या दिवशी बयना चिखलाच्या पायांनी, कमरेला विळा खोचून बाजारात शिरली. ती बोलते का ते बघायला मागून तिचा चुलता बनून राजा निघाला. अंगावरची घोंगडी टोचत होती, पण सांगतो कुणाला!

सोनाराने तिला पाहिलं आणि हातोडी थांबवली. "काय गं पोरी, पीकपाणी काय म्हणतंय?"

बयनाने नुसतीच नकाराची मान हलवली.

सोनाराचा चेहरा उतरला. "अरे देवा! म्हणजे यंदा गावाकडं लग्नं नाहीत. मग हे सोन्याचे डाग कुणाच्या गळ्यात घालू?" त्याने भट्टी विझवली.

पुढे कासाराचा तोच प्रश्न, बयनाची तीच मान. कासाराने बांगड्या आवरायला घेतल्या. तमाशाच्या फडावर तर रडारड झाली. "जत्राच भरायच्या न्हाईत, आपल्याला सुपारी कोण देणार?"

जकातनाक्यावरचा कारकून राजालाच म्हणाला, "काका, धान्याच्या गाड्या नाहीत म्हणजे जकात नाही. यंदा महाराजांच्या तिजोरीत उंदीर खेळणार बघा!"

काकांनी घोंगडी डोक्यावरून पुढे ओढली.

संध्याकाळी राजा पुन्हा सिंहासनावर बसला. घोंगडी गेली होती, खाज राहिली होती. "बाजाराचं अडतं, मान्य. पण ही दुकानदार मंडळी! आमचं, राजाचं, तुमच्या रानावाचून काडीचंही अडत नाही!"

राजाने एकदा छताकडे पाहिलं, एकदा खजिनदाराकडे. मग राहवेना. तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "पण पोरी... खरं सांग, पीकपाणी काय म्हणतंय?"

दरबाराने हसू दाबायला ओठ चावले. बयनाने तोंडावर बोट ठेवलं.

"अगं बोल की! अट संपली!"

"झ्याक हाय, म्हाराज! कणसं टचटचीत भरल्यात!"

"मग दिवसभर मान का हलवत होतीस? राजाशी लबाडी?"

"लबाडी कसली? कोणत्या सालचं पीकपाणी, ते कुणी इचारलंच न्हाई. मी फुडच्या सालचं सांगत हुते. तुमचं घोडं धावल्यावरचं!"

राजा असा खदखदून हसला, की डोक्यावरचा मंदिल कानावर घसरला.

"हरलो! आधी बाजारात दवंडी पिटा, पीक चांगलं आहे म्हणून, नाहीतर उद्या कुणी दुकान उघडायचं नाही. रान गावाचंच राहील. आणि या पोरीला आमच्या गोठ्यातली खिलारी बैलजोडी द्या!"

"आन घोडी, म्हाराज?" बयनाने विचारलं.

"घोडे जातील खडकाळ माळावर! तिथं काही पिकत नाही ना? का तेही तुलाच विचारू?"