पायरीवरचं शील

"शालिकला हात धरून मंचावरून खाली उतरवलंस, की नुसतं सांगितलंस?" भंतेंनी विचारलं.

"नुसतं सांगितलं, भंते."

भंतेंनी बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती लावली.

"...मग हात धरला," उत्पला म्हणाली.

मूल गावाजवळच्या वस्तीतला छोटा विहार. रविवारची संध्याकाळ. वंदनेला अजून वेळ होता.

उत्पला खोब्रागडे कॉलेजातल्या व्यसनमुक्ती गटाची प्रमुख. ओढणीवर गटाचा बिल्ला, मान ताठ. तिचं ऐकून वस्तीतल्या बऱ्याच जणांनी खर्रा सोडला होता. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून गालात धरायचा तो खर्रा. या भागात पाहुण्याला चहाच्या आधी विचारतात.

"कार्यक्रमात मंचामागे 'खर्रामुक्त वस्ती' असा बॅनर होता, भंते. पेपरवाल्यांना मी सांगून बसले होते, सगळ्यांनी सोडला म्हणून. आणि आपल्या ऑटोवाल्या शालिककाकांनी माईक घेतला. छाती काढून म्हणाले, 'सुटला नाही जी, पण दिवसाला चारावरून एकावर आलो.' लोकांनी टाळ्या वाजवल्या! एकावर आल्याच्या टाळ्या!"

"तू नाही वाजवल्यास?"

"मी म्हटलं, इथे फक्त सोडलेले बोलतील."

"आणि शालिक?"

"ऑटो काढून गेले. त्या दिवसापासून परत दिवसभर खातात." तिने बिल्ला चाचपला. "त्यांच्या गालात पांढरा चट्टा आहे, भंते. उद्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, आता येत नाही म्हणतात. मी गेले की दार लावून घेतात... तुम्ही सांगा. तो चट्टा वाट बघणार नाही."

"तुझं नाही ऐकत?"

"माझं सगळे ऐकतात. तेवढे सोडून."

भंते हसले.

लोक येऊ लागले. शालिकचा ऑटोही येऊन थांबला. त्याने पाठ करून तोंड रिकामं केलं, नळावर चूळ भरली आणि आत न येता बाहेरच्या पायरीवर बसला.

"बघितलं?" उत्पला कुजबुजली. "आत्ता होता तोंडात."

एरवी भंते पंचशीलाची पाच व्रतं एकेक करून देत आणि सगळे एका सुरात मागून म्हणत. आज भंते म्हणाले, "उत्पला एकटी म्हणेल. पण जे मोडलं नसेल, तेवढंच म्हणायचं."

उत्पला पुढे झाली. पाचही तिला लहानपणापासून पाठ.

पहिलं, जीव न मारण्याचं. ते म्हणता म्हणता दंडावर डास चावला आणि दचकून तिने तो मारला.

मागे बाया खुदकन हसल्या.

"पुढे," भंते म्हणाले.

दुसरं झालं. तिसरं झालं. चौथं, खोटं न बोलण्याचं...

उत्पला थांबली.



"म्हणा ना मॅडम," पायरीवरून शालिकचा आवाज आला. "आम्ही खोळंबलो."

"...मोडलंय, भंते." तिचा चेहरा लाल झाला होता. "पेपरवाल्यांना सांगितलं ते खोटं होतं."

भंतेंनी बोट केलं. दाराकडे.

सगळ्यांच्या देखत ती चालत बाहेर गेली. पायरीच्या मधोमध शालिक बसला होता. शालिकने सरकून जागा दिली.



मग भंते आसनावरून उठले. चीवर सावरलं, लोकांमधून वाट काढत दाराशी आले आणि त्याच पायरीवर, दोघांच्या पलीकडे बसले. म्हातारे, बाया, पोरं सगळी दाराकडे तोंड करून वळली.

भंतेंनी पहिल्यापासून सुरुवात केली. सगळ्यांनी म्हटलं. चौथं उत्पलाने मोठ्याने म्हटलं.

पाचवं नशेचं. या वस्तीत खर्राही त्यातच धरतात. शालिकचे ओठ मिटलेले.

"शालिक, आवाज नाही आला."

"मी तं ते रोज मोडतो जी."

"म्हणूनच तर रोज देतो."

शालिकने हात जोडले. मग पुटपुटला. अर्धवट, पण शेवटपर्यंत. आणि उत्पलाकडे न बघताच म्हणाला, "उद्या सकाळी दवाखान्यात खर्रा खाऊन आलो तं?"

भाषणातलं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"...तर खाऊन या, काका. पण या."

"हात धरून नेशील का?"

"तुम्ही धरू द्याल तर."

शालिक हसला. खर्ऱ्याने तोंड फारसं उघडत नव्हतं, तरी हसला. उठून ऑटोकडे निघाला तेव्हा त्याची छाती पुन्हा थोडी पुढे आली होती.

लोक पांगले. उत्पला तिथेच बसून होती. मान अजून ताठच.

"पण भंते, असं रोज मोडायचं, रोज मागायचं... मग 'सोडला' असं माणसाने म्हणायचं तरी कधी?"

भंते चीवर सावरत उठले.

"मला विचारू नको, पोरी. मीही अजून 'सोडला' असं म्हटलेलं नाही."